पन्हं प्यालेलं घड्याळ

घड्याळाला ऊन लागतं, ही गोष्ट मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी अकोल्यात कळली.

माणसाला ऊन लागतं हे आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना कुणी शिकवावं लागत नाही. आमच्याकडे मे महिन्यात घराबाहेर पडणारा माणूस आधी डोक्याला दुपट्टा गुंडाळतो, मग खिशात कांदा टाकतो आणि मगच चपला शोधतो. (आमच्या पाटबंधारे ऑफिसात पुण्याचे एक साहेब बदलून आले होते. मी रुमाल काढायला गेलो आणि खिशातला कांदा घरंगळत त्यांच्या टेबलावर गेला. "तुम्ही भाजी घेऊन थेट ऑफिसला येता का?" असं त्यांनी विचारलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या दोन्ही खिशांत एकेक होता!) पण घड्याळाच्या बाबतीत मी अगदीच अडाणी निघालो.

मुळात ते घड्याळ माझं नव्हतंच, इथूनच भानगड सुरू होते. ते आमच्या पल्लवीचं. पल्लवी आमची एकुलती एक पोरगी, अमरावतीत पोलीस भरतीची तयारी करणारी. गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेऊन तिनं स्वतःच्या कमाईतून ते पळणाऱ्यांचं घड्याळ घेतलं होतं. छातीचे ठोके सांगायचं, वेग सांगायचं, किती झोपलो तेही सांगायचं. पण तिला ते हवं होतं एकाच गोष्टीसाठी. आठशे मीटर पळताना ती शिट्टी वाजली रे वाजली की मागं कुत्रं लागल्यासारखी सुटायची आणि दुसऱ्या फेरीत धापा टाकत सगळ्यांच्या मागं यायची. वेग ठरवून दिला की हे घड्याळ जास्त जोरात पळणाऱ्याच्या मनगटावर थरथरून सांगतं, 'हळू!' त्या थरथरीवर पोरीची अख्खी भरती टांगलेली होती. (सुरुवातीलाच उधळायची ही खोड तिनं बापाकडून घेतली, असं शोभा म्हणते. शोभा म्हणजे आमची मिसेस. वलगावच्या शाळेत मास्तरीण आहे, चुका काढायचा तिला सरकारी पगार मिळतो.)

त्या मे महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या, कमलताईच्या पोराचं अकोल्याला लग्न निघालं. शोभा हळदीसाठी आधीच पुढं गेली. पल्लवीची सराव परीक्षा होती, म्हणून ती घरीच राहणार होती. माझा डोळा तिच्या मनगटावर.

"पल्लू, दोन दिवस घडी दे बरं."

"कायले?"

"लग्नात किती चालनं होते ते पायतो. डाक्टरनं चालाले सांगतलं ना मले."

"बाबा, तुमी चालत नाई. तुमी दाखवत फिरता."

पोरगी पोलिसात जाणार, याबद्दल मला त्याच क्षणी शंका उरली नाही. शेवटी तिनं घड्याळ काढून माझ्या हाताला बांधलं आणि ताकीद दिली, "पान्यात पडली तरी चालते, पन कोनाच्या हातात द्याची नाई. पुढच्या महिन्यात भरतीचं ग्राउंड हाय माहं."

"माह्या जिवापेक्षा जास्त सांभाळतो!" मी म्हणालो. (हे वाक्य लक्षात ठेवा राजेहो, शेवटी कामाचं आहे.)

अमरावतीचा उन्हाळा तवा असेल, तर अकोल्याचा थेट चूल. आणि अकोल्याच्या माणसांना त्याचा काय अभिमान! "काल शेहेचाळीस होतं आमच्याकडे," हे ते पोराचे दहावीचे मार्क सांगावेत तसं सांगतात. अशा गावात, भर दुपारचं लग्न. मी पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून मंडपात शिरलो, चार जणांना जयभीम घातला आणि प्रत्येक वेळी हात जरा जास्तच वर गेला, म्हणजे मनगट दिसावं.

"काय हे, घड्डी घेतली का नवीन?"

बस्स! एवढंच ऐकायचं होतं. घड्याळ माझ्या हातातून जे निघालं ते अर्ध्या मंडपात फिरलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "शुगर सांगते काय?" मी म्हटलं, नाही. "मंग काय कामाची!" असं म्हणून त्यानं घडी पुढच्याला दिली. वंदना सुरू व्हायच्या आधी कुणीतरी ती नवरदेवाच्या हाताला बांधली, तर ठोके असे उडत होते की पडद्यावर लाल दिवा लागला. "पोट्टा भेला!" म्हणून सगळा मंडप हसला. मग नवरीच्या हाताला बांधली. तिचे ठोके एकदम शांत, जशी काही भाजी आणायला निघालीय. कमलताईनं सुनेकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं आणि घरात पुढं कोणाचं चालणार ते ओळखलं.

मग वरात निघाली. डीजे सुरू झाला आणि मला पावलं मोजायची आठवण झाली. मी नाचलो राजेहो! भर उन्हात, डांबर वितळत असताना. थोड्या वेळानं मनगटाला चटका बसला. बघतो तर पडद्यावर लाल थर्मामीटरचं चित्र, आणि बघता बघता घड्याळ काळंठिक्कर! दाबलं, हलवलं, फुंकर मारली. काही नाही. मी तसाच मंडपात कमलताईकडे पळालो.

"ताई, हे बंद पडलं वं! पल्लू मले जित्ता सोडत नाई आता!"

कमलताई म्हणजे तिच्या गल्लीची उन्हाची डॉक्टर. कुणाला भोवळ आली की आधी ताई, मग दवाखाना. तिनं तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात घड्याळाला लावला.

"माय वं, किती तपली! हिले ऊन लागली रे."

"ताई, यंत्र हाय ते."

"यंत्र असो का मानूस. आंग तपलं, डोये मिटले, बोलून नाई राहिली. अजून काय पायजे तुले?"

आता यात खोडून काढण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा! शोभा तेवढ्यात नवरीची पेटी घेऊन चालली होती. ती थबकली आणि म्हणाली, "तुमी बह्यनभाऊ मियून काय कराचं ते करा, पन माह्यं नाव त्यात घेऊ नोका." (तीस वर्षं संसार केलेली बाई आहे, तिला वास आधीच येतो.)

ताईनं कांदा ठेचला. "हिचे तळवे कुठी हायत?" तिनं विचारलं. मी गंभीरपणे विचार करून मागची बाजू दाखवली, जिथं ठोके मोजायचा हिरवा दिवा असतो तिथं. तिनं कांद्याचा रस चांगला चोळला. मग कैरीच्या पन्ह्याची वाटी आली.

"पाज."

"पाजू कसं? तोंड कुठी हाय हिले?"

"मंग बुडव! पोरगी म्हने ना, पान्यात चालते म्हनून?"

मी बुडवलं. गूळ, जिरं, मीठ घातलेल्या त्या थंडगार पन्ह्यात पोरीची भरती मी माझ्या हातानं बुडवली. आणि काय सांगू, घड्याळानं डोळे उघडले! पडदा उजळला, हिरवा दिवा लागला आणि वाटीत पडल्या पडल्या ते ठोकेही दाखवू लागलं. बहात्तर! पन्ह्याच्या छातीचे ठोके माझ्याहून बरे होते. मंडपात टाळ्या पडल्या, ताईनं कमरेला पदर खोचला आणि म्हणाली, "आता नवरीच्या बापाले आना, तो बी लय तपला हाय."

पण ते उठणं विझायच्या आधीच्या दिव्याचं होतं. परतीच्या एसटीत, मूर्तिजापूरच्या स्टँडवर, घड्याळानं मान टाकली ती टाकलीच. मी ते कानाशी लावून टिकटिक ऐकायचा प्रयत्न केला. (पडद्याच्या घड्याळात टिकटिक नसते, हे शेजारच्या सीटवरच्या बाईनं मला सांगितलं.)

घरी पल्लवीनं घड्याळ हातात घेतलं, नाकाशी नेलं.

"बाबा, घडीले कांद्याचा वास काहून येऊन राहिला?"

"लग्नातल्या कोशिंबिरीचा असन."

"कोशिंबिरीत घातली होती?"

"नाई वं! ऊन होती ना लय. उन्हानं बंद पडली. अपने आप!"

तिनं घड्याळ खोक्यात ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तशीच रिकाम्या मनगटानं मैदानावर गेली आणि पहिल्या फेरीतच उधळून, लाल तोंडानं परत आली. दाराशी बसून बूट सोडत होती, पण माझ्याकडे पाहिलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला लय वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग मी माझा राग काढायला जागा शोधली. ती सापडली कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये. तिथल्या माणसानं घड्याळ उघडलं, लॅपटॉपला जोडलं आणि मान हलवली.

"वॉरंटीत बसत नाही सर. चाळीस अंशांच्या वरच्या तापमानात वापरलं आहे."

"कुठी लिवलं हे?"

त्यानं पुस्तिका काढली. शेवटच्या पानावर, मुंगीनं चालताना पाय पुसले असतील एवढ्या अक्षरात, लिहिलं होतं खरं.

"बरं भाऊ, आज भाईर किती हाय?"

"चव्वेचाळीस."

"आन तुमच्या दुकानात?"

त्यानं कूलरकडे पाहिलं. कूलर बंद. लाइन गेलेली. त्याचाच शर्ट पाठीला चिकटलेला.

"म्हंजे ही घडी तुमच्या शोकेसातच वॉरंटीच्या भाईर हाय! मंग मे महिन्यात अमरावतीत विकता काहून? का आमी उन्हाळाभर मनगट काढून माठात ठेवाचं?"

दुकानातली माणसं हसली. एका गिऱ्हाइकानं पुढं येऊन हात मिळवला. मला असं काही स्फुरण चढलं की मी त्या बिचाऱ्याला म्हणालो, "नकार लेखी द्या! कोर्टात भेटू!" आणि तरातरा बाहेर आलो. लेखी नकार घ्यायला पुन्हा आत जावं लागलं.

घरी आल्यावर पल्लवी पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. ग्राहकांचे हक्क तिच्या भरतीच्या अभ्यासातच होते! "विकताना ही अट कोनं सांगतली नाई, तं ते आपल्या बाजूनं हाय. पावती सांभाळा. आधी हेल्पलाइनवर तक्रार, मंग जिल्हा ग्राहक आयोग. वकीलच पायजे असं बी नाई." मी छाती फुगवून अर्ज लिहिला. त्यात ऊन होतं, लग्न होतं, वरात होती, वऱ्हाडाचं हवामान होतं. पन्हं तेवढं नव्हतं. (जागा पुरली नाही!)

हेल्पलाइनवरून कंपनीचं तेच उत्तर आलं, मग आयोगाकडे अर्ज गेला. तोवर भरतीची तारीख पुढं ढकलली गेली. त्याबद्दल सरकारला शिव्या न देणारा अख्ख्या अमरावतीत मी एकटाच असेन. पण सराव तर हवा! मग मीच घड्याळ झालो. रोज पहाटे मैदानाच्या कडेला मोबाइल घेऊन उभा राहायचो आणि ती उधळली की जिवाच्या आकांतानं ओरडायचो, "हळूऽऽ!" त्यासरशी मैदानावरची बाकीची पोरंही दचकून हळू व्हायची. एका म्हाताऱ्यानं तर चालता चालता ब्रेक मारला. "बाबा, तुमी थरथरत जा ना फक्त," पल्लवी म्हणायची, पण हसायची. ते हसू मला पाहिजे होतं.

अखेर दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून समझोता करायचा दिवस ठरला. टेबलाच्या एका बाजूला कंपनीचे नागपूरहून आलेले वकील, दुसऱ्या बाजूला मी, पल्लवी आणि कमलताई! तिला कुणी बोलावलं नव्हतं. "साक्षीदार नाई तं केस कशी?" म्हणून ती सकाळच्या गाडीनं स्वतःच अकोल्याहून आली होती. मधोमध मध्यस्थ म्हणून एक शांत बाई बसल्या होत्या.

मी माझं शोकेसचं वाक्य टाकलं. मध्यस्थ बाईंनी वकिलांना विचारलं, "विकताना ही अट गिऱ्हाइकाला सांगितली होती?" वकिलांनी कागद चाळले, घाम पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे. कंपनी घड्याळ बदलून द्यायला तयार आहे. फक्त नियम म्हणून विचारतो, बंद पडल्यावर तुम्ही त्याला काही केलं नाही ना?"

"कायी नाई," मी म्हणालो.

"काहून खोटं बोलतं रे?" ताई उसळली. "केलं ना सायब! कांदा चोयला, पन्हं पाजलं! म्हनून तं उठून बसली होती. मी नसती तं जागीच गेली असती!"

 वकिलांनी टोपण लावलेलं पेन पुन्हा उघडलं. "पन्हं? म्हणजे कैरीचं?"

"गावरान कैरी. आन चांगलं जिरं घालून."

"मग प्रश्नच मिटला," वकील म्हणाले. "हा सरळसरळ गैरवापर आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! मी मान खाली घातली. पल्लवी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "कोशिंबीर, ना बाबा?" मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी काहीतरी बोलायला उधळणार, तोच तिनं टेबलाखाली माझं मनगट दाबलं. मी थांबलो.

ती सावकाश बोलली. अगदी सावकाश. "मॅडम, डब्यावर लिहिलं आहे की हे घड्याळ पन्नास मीटर खोल पाण्यात चालतं. समुद्राचंही चालतं, चित्रात माणूस समुद्रात पोहतोय. समुद्रात मीठ असतं. आमचं पन्हं वाटीभर होतं, आणि त्यात मीठ चिमूटभर. पन्नास मीटर समुद्र सोसणारं घड्याळ एका वाटीत बुडत असेल, तर मग डब्यावरचं खरं, की सर म्हणतात ते?"

मध्यस्थ बाईंनी हसू दाबायला पाण्याचा ग्लास उचलला. वकिलांनी फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात बरंच बोलणं केलं, आत आले आणि सही केली. बाहेर जिन्यावर मी पल्लवीपुढं कान पकडले. "पल्लू, चुकलो वं."

"बाबा," ती म्हणाली, "पयल्याच फेरीत खरं सांगतलं असतं तं दम नसता लागला." ताई मात्र अख्ख्या अमरावतीला सांगत सुटली की केस तिच्या साक्षीनं जिंकली.

नवं घड्याळ आलं. सोबतच्या पुस्तिकेत सूचनांच्या खाली एक नवा कागद चिकटवलेला होता, 'उपकरण कोणत्याही खाद्यपेयात बुडवू नये.' माझं नाव तेवढं छापायचं राहिलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात एकदाचं ग्राउंड लागलं. पल्लवी, शोभा आणि मी फाटकाशी पोचलो आणि शिपायानं सांगितलं, "घडी, मोबाइल भाईर." ज्याच्यासाठी एवढं महाभारत झालं, ते घड्याळ आत न्यायचीच परवानगी नाही! पल्लवीनं ते काढलं, क्षणभर विचार केला आणि माझ्याच हातात दिलं.  मी ठरवलं, यावेळी नाही! डोक्याचा दुपट्टा सोडला, ओला केला, त्यात घड्याळ गुंडाळलं. खिशातला कांदा काढून तोही त्याच्याजवळ ठेवला. (चोळला नाही, वॉरंटी होती!) आणि उघड्या डोक्यानं जाळीशी उभा राहिलो.

शिट्टी वाजली. "हळूऽऽ!" मी ओरडलो. "काका, तुमीच हळू," शिपाई म्हणाला. पण पोरगी हळूच निघाली होती, बिनघड्याळाची, मोजून मापून. दुसऱ्या फेरीत तिनं एकेकीला मागं टाकायला सुरुवात केली, मी जाळी हलवत आनंदानं नाचू लागलो, आणि मग ते मैदान, ती जाळी आणि तो शिपाई हळूहळू काळे पडत गेले.

जाग आली तेव्हा मी कडुनिंबाखाली होतो. शोभा माझ्या तळव्यांना कांदा चोळत होती, थर्मासमधलं पन्हं माझ्या तोंडाशी होतं आणि मोबाइलच्या स्पीकरवरून कमलताई ओरडत होती, "बुडव त्याले, बुडव!" तेवढ्यात पल्लवी धावत आली, घामानं निथळत, दात काढत. "निघाली मी, बाबा! चांगल्या टायमात निघाली!" मग तिनं दुपट्टा सोडला, घड्याळ बाहेर काढलं. थंडगार, टुकटुकीत, एक मिनिटही मागं नाही.

एकूण काय, चाळीस अंशांच्या वर बंद पडणारी वस्तू आमच्या घरात एकच निघाली, आणि शोभानं चौकशी केलीय, ती बदलून मिळत नाही.